तालीम आणि पदवी : विद्यापीठातील नाट्यशिक्षण

नाटक शिकवता येते का, हा प्रश्न मराठी रंगभूमीइतकाच जुना आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा नटांना तयार करण्याचे कामही त्यांनाच करावे लागले. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'संगीत शाकुंतल'नंतर नाटक मंडळी हीच नटाची शाळा झाली. मुलगा कोवळ्या वयात कंपनीच्या बिऱ्हाडात यायचा, गाणे शिकायचा, पडदे ओढायचा, किरकोळ कामे करायचा आणि अंगी गुण असले तर एक दिवस नायिकेच्या वेषात रंगमंचावर उभा राहायचा. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि तेथेच घडले. शिक्षणाचा खर्च कंपनी सोशीत असे. परीक्षा प्रेक्षक घेत असत.

बोलपटाच्या आगमनानंतर या कंपन्या मोडीत निघाल्या, तरी 'नाटक करता करता येते' ही समजूत मोडली नाही. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक सुरू झाला आणि हौशी रंगकर्मींच्या कित्येक पिढ्या या स्पर्धांच्या तालमींत वाढल्या. मराठी रंगभूमीवरील काही मोठी नावे तर वैद्यकीय महाविद्यालयांतून आली. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, तर 'महानिर्वाण' (१९७४) आणि 'बेगम बर्वे' (१९७९) लिहिणारे सतीश आळेकर हे जीवरसायनशास्त्राचे पदवीधर. यांपैकी कोणीही नाट्यविद्यालयाची पदवी घेतलेली नव्हती. तेव्हा बारावी झालेल्या मुलीने 'मला विद्यापीठात नाटक शिकायचे आहे' असे सांगितले, की घरातील वडीलधारी माणसे याच नावांचा दाखला देतात, हे स्वाभाविकच आहे. त्यातला एक तपशील मात्र बहुधा सुटतो. याच आळेकरांनी वैद्यकीय महाविद्यालयातील नोकरी सोडून १९९६ ते २००९ या काळात पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुखपद सांभाळले. स्वतः शाळेबाहेर घडलेल्या नाटककाराला शाळा चालवावीशी वाटली, ती का, याचे उत्तर अशा शिक्षणाच्या स्वरूपातच शोधावे लागते.

कॉन्झर्व्हेटरी या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ जतनगृह असा आहे. नेपल्समधील अनाथालयांना हे नाव होते. तेथे सांभाळलेल्या मुलांना गाणे-वाजवणे शिकवत, आणि होता होता त्या संस्था संगीतशिक्षणासाठी प्रसिद्ध झाल्या. पॅरिसमध्ये १७९५ साली अशीच संस्था सरकारी आश्रयाने उभी राहिली. या परंपरेचे सूत्र असे, की कला ही माहिती नसून सवय आहे; ती रोज, गुरूच्या नजरेखाली, शरीरात मुरवावी लागते. विद्यापीठाचा पिंड याच्या उलट. तेथे ज्ञानाची चिकित्सा होते, प्रबंध लिहिले जातात, गुणपत्रिका दिल्या जातात. या दोन पिंडांची सांगड घालण्याचा प्रयत्न म्हणजे विद्यापीठातील नाट्यशाळा, आणि ही सांगड कोठेही सुखासुखी बसलेली नाही.

अमेरिकेतील उदाहरण बोलके आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेने १९१४ साली नाटकाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्या देशातील तो पहिला मानला जातो. त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखनाचा वर्ग चालवीत होते. १९१४-१५ मध्ये युजीन ओनील हे त्यांच्या वर्गात होते. वर्गाला जोडून बेकर यांनी प्रयोगशाळेसारखी एक नाट्यशाखाही चालविली होती; पण नाट्यलेखनाला पदवीचा दर्जा देण्यास हार्वर्ड राजी नव्हते. अखेर येल विद्यापीठाला नाट्यगृह व विभागासाठी मोठी देणगी मिळाली आणि १९२५ साली बेकर तेथे निघून गेले. त्याच येलच्या नाट्यशाळेला २०२१ मध्ये डेव्हिड गेफन यांच्याकडून १५ कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तेथील पदवी व प्रमाणपत्राच्या सर्व विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क माफ झाले. नटाचे उत्पन्न अनिश्चित, म्हणून त्याच्या डोक्यावर शिक्षणाच्या कर्जाचा डोंगर नसावा, हा विचार तेथवर पोहोचायला जवळपास शंभर वर्षे लागली.

भारतात या शिक्षणाचा प्रारंभ एका मराठी भाषक संस्थानिकाच्या दूरदृष्टीतून झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा सुरू केली. मौलाबख्श तिचे प्रमुख होते. स्वातंत्र्यानंतर हीच संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली आणि संगीत-नृत्याबरोबर नाट्याचेही पदवी शिक्षण देणारी देशातील आरंभीची संस्था ठरली.

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली सुरू झाले आणि १९७५ साली स्वायत्त झाले. त्याला खरा आकार दिला तो पुण्यात जन्मलेल्या, लंडनच्या राडा या संस्थेत शिकलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी. १९६२ ते १९७७ या त्यांच्या कारकिर्दीत वेळेची शिस्त, रंगमंचाची स्वच्छता, नेपथ्य-प्रकाशाचा काटेकोर विचार आणि जागतिक नाटकांचा अभ्यास यांना अभिनयाइतकेच महत्त्व मिळाले. रोहिणी हट्टंगडी, कमलाकर सोनटक्के, वामन केंद्रे हे मराठी रंगकर्मी याच विद्यालयातून शिकून आले. या विद्यालयाच्या इतिहासातील एक प्रकरण येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. २००५ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०११ साली विद्यालयाच्याच इच्छेने तो रद्द झाला. एरवी हा दर्जा मिळावा म्हणून संस्था वर्षानुवर्षे खेटे घालतात. येथे तो परत करण्यात आला, कारण विद्यापीठाच्या चौकटीत प्रशिक्षणाचे स्वातंत्र्य आक्रसेल ही भीती होती. विद्यालयाची तीन वर्षांची पदविका तशीच राहिली.

महाराष्ट्रात मात्र विद्यापीठांनीच हे काम अंगावर घेतले. मराठवाडा विद्यापीठाच्या (आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) नाट्यशास्त्र विभागाची घडण कमलाकर सोनटक्के यांच्या काळात झाली आणि पुण्या-मुंबईबाहेरील मुलांना नाटकाकडे गांभीर्याने पाहण्याची जागा मिळाली. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ साली, वामन केंद्रे यांच्या संचालकत्वाखाली, कालिना येथे सुरू झाली. या दोहोंच्या मधला, १९८७ चा प्रयोग म्हणजे पुण्याचे ललित कला केंद्र. त्याच्या नावापुढे कंसात 'गुरुकुल' असे लिहिले जाते, ते शोभेसाठी नाही. संगीत व नृत्याच्या विद्यार्थ्याने आपल्या गुरूकडे शिकावे आणि शास्त्र, इतिहास व परीक्षा यांसाठी विद्यापीठात यावे, ही कल्पना त्यामागे होती. नाटकाची गोष्ट निराळी. तेथे एक गुरू, एक शिष्य ही मांडणी चालत नाही. नाटक मुळात दहा-पंधरा जणांच्या सहवासातून उभे राहते, त्यामुळे विद्यार्थ्यांचा वर्ग हाच नाटकाचा संच होतो.

अशा विभागातील दिवस सकाळी शरीराच्या व्यायामाने सुरू होतो. कलरीपयट्टू, योग, लोकनृत्याची पावले, नुसते चालणे, नुसते स्थिर उभे राहणे. चालणे शिकायला तीन वर्षे कशाला, असे बाहेरच्याला वाटते. पण रंगमंचावर पाऊल टाकले की आपले हात कोठे ठेवावेत हे कळेनासे होते, हा अनुभव स्नेहसंमेलनात काम केलेल्या प्रत्येकाला असतो. त्यानंतर आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत न ओरडता कसे पोहोचायचे, वाक्य कोठे तोडायचे, श्वास कोठे घ्यायचा. दुपारी वर्गातील विषय. भरताच्या नाट्यशास्त्रातील आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार, संस्कृत व ग्रीक नाटक, शेक्सपिअर, इब्सेन, स्तानिस्लावस्की, ब्रेश्ट. तमाशा, दशावतार, खडीगंमत आणि संगीत नाटक. स्तानिस्लावस्कीचा विचार मराठीत आणण्याचे काम के. नारायण काळे यांनी फार पूर्वीच करून ठेवले आहे, ही येथील विद्यार्थ्यांची मोठी सोय. संध्याकाळी तालीम, आणि ती कधी संपेल याचा नेम नाही.

नट व्हायला आलेल्या मुलाला पहिला धक्का बसतो तो पडद्यामागच्या कामाचा. त्याला लेव्हल उचलाव्या लागतात, फ्लॅटला कापड चढवावे लागते, शिडीवर चढून दिव्यांची दिशा बदलावी लागते, डिमरवर बसून दुसऱ्याच्या प्रवेशाला प्रकाश द्यावा लागतो. प्रयोग संपल्यावर रंगमंच झाडून त्याच रात्री सामान गोदामात लावावे लागते. अनेकांना यात आपला वेळ वाया गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पुढे व्यवसायात टिकतात त्यांतील बरेच जण याच कौशल्यावर टिकतात. प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी, वेशभूषा, रंगमंच व्यवस्थापन या क्षेत्रांत जाणत्या माणसांची वाण आहे. अभिनेत्यांची कधीच नव्हती.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. वऱ्हाडातून आलेल्या मुलाच्या तोंडी 'डोळा' हा 'डोया' होतो, मराठवाड्यातल्या मुलीचे हेल पुण्यातल्या कानाला वेगळे लागतात. प्रमाण मराठीतील 'ळ', 'ण' आणि 'ष' यांची उजळणी पहिल्याच सत्रात सुरू होते, आणि सोबत एक न बोललेला न्यूनगंडही. चांगला शिक्षक प्रमाण भाषा ही जास्तीची भाषा म्हणून शिकवतो. वाईट शिक्षक ती शुद्ध भाषा म्हणून शिकवतो आणि बोलीतले सगळे संगीत पुसून टाकतो. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते २०१२ साली रंगमंचावर आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाने दाखवून दिले. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेल्या आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या नाटकात जालना जिल्ह्यातील जांब समर्थ गावचे कलाकार आपल्याच बोलीत बोलत होते, आणि पुण्या-मुंबईचा प्रेक्षक त्यांना दाद देत होता. तीन वर्षे शिकून जर विद्यार्थी त्या बोलीला पारखा होणार असेल, तर शिक्षणाने त्याचे भांडवलच काढून घेतले असे म्हणावे लागेल.

विद्यापीठाची यंत्रणा आणि नाटकाची गरज यांचे खटके उडतात ते वेळापत्रकावर, गुणांवर आणि शिक्षकांच्या नेमणुकीवर. सत्र परीक्षा तारखेला व्हावी लागते. नाटक तारखेला तयार होतेच असे नाही. अभिनयाला शंभरपैकी किती गुण द्यावेत, आणि त्रेसष्ट मिळवणारा नट अठ्ठावन्नवाल्यापेक्षा नेमका कशात सरस, हे कोणताही परीक्षक छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यातही संचातील दोघे तालमीला आले नाहीत तर तिसऱ्याचे गुण जातात. म्हणून काही ठिकाणी अंतिम प्रयोगापेक्षा तालमीच्या काळातील प्रगतीला अधिक वजन देण्याची रीत आहे, आणि ती अधिक न्याय्य आहे.

नेमणुकीचा पेच जास्त खोल आहे. विद्यापीठात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा पीएच.डी. ही सर्वसाधारण अट. आयुष्यभर फडात उभा राहिलेला तमासगीर किंवा दशावतारी कलावंत ही अट कोठून पुरी करणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत नामवंत कलावंतांसाठी पर्यायी तरतूद आहे, आणि २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही योजना आणून औपचारिक पदवी नसलेल्या व्यवसायतज्ज्ञांनाही मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत नेमण्याची मुभा आयोगाने दिली. पण ज्या विभागात मंजूर पदेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेथे दहा टक्के म्हणजे किती, हे गणित सोपे आहे. परिणामी बहुतेक भार पाहुण्या शिक्षकांवर पडतो. कोणी दिग्दर्शक पंधरा दिवस येतो, कार्यशाळा घेतो, एक नाटक बसवतो आणि निघून जातो. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या पद्धती पाहायला मिळतात हा लाभ खराच. मात्र एखाद्या मुलीचा आवाज पहिल्या वर्षी कसा होता आणि तिसऱ्या वर्षी कसा झाला, हे लक्षात ठेवणारे माणूस विभागात कायमचे असावे लागते.

असे असूनही ही शाळा काय देते? हौशी संघात किंवा स्पर्धेत प्रत्येक प्रयोगाला निकाल असतो. व्यावसायिक नाटकात तिकीटबारी असते. दूरचित्रवाणी मालिकेत तर दुसरा टेक मिळाला तरी नशीब. विद्यापीठातील विद्यार्थ्याला, त्याच्या आयुष्यात बहुधा एकदाच, फसण्याची मोकळीक मिळते. करुण प्रसंग हास्यास्पद झाला तर तो का झाला यावर तासभर चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा करून पाहता येतो. आपल्याला न शोभणारी भूमिका मुद्दाम दिली जाते. तिकीटबारीवर चालणार नाही असे नाटक बसवता येते. शाळेबाहेर घडलेल्या पिढीने हीच मोकळीक नोकरी सांभाळून, रात्री जागून, स्वखर्चाने मिळवली होती. ज्याच्या घरी असा खर्च परवडत नाही, त्याच्यासाठी सरकारी विद्यापीठाचा विभाग हाच मार्ग उरतो.

ही मोकळीक विद्यापीठाच्या आवारातही गृहीत धरता येत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांनी रामलीला करणाऱ्या नटांच्या पडद्यामागील वागण्यावर बेतलेले नाटक सादर केले. धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप घेत विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो प्रयोग बंद पाडला. पुढे विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली व जामीन मिळाला. नाटक आक्षेपार्ह होते की नव्हते, यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. विद्यार्थ्याचा प्रयोग हा वर्गातील अभ्यास मानायचा की जाहीर कार्यक्रम, हा त्यामागचा प्रश्न त्या मानाने मागे पडला. पण प्रत्येक नाट्यविभागाला त्याचे उत्तर आता द्यावे लागते, कारण वर्गाचे दार उघडे असते आणि प्रेक्षकांत कोणाच्या तरी हातात मोबाइल असतोच.

शिक्षण संपल्यानंतरच्या वाटा सांगताना गुळमुळीतपणा करण्यात अर्थ नाही. प्रायोगिक नाटकावर पोट भरत नाही. व्यावसायिक नाटकात नव्या माणसाला संधी मिळते ती ओळखीने, आणि ओळख मात्र या वर्षांत होते. मालिका, चित्रपट आणि वेबमालिकांत काम आहे, त्याला सातत्य नाही. पदव्युत्तर पदवीनंतर नेट देऊन अध्यापनाकडे वळता येते, पण जागा मोजक्या निघतात. शाळांमधील नाट्यशिक्षक, बालनाट्य शिबिरे, जाहिरातींचे आवाज, ध्वनिपुस्तके, संस्थांसाठी प्रशिक्षण ही कामे गेल्या काही वर्षांत वाढली आहेत आणि अनेकांचे घर त्यांवर चालते.

प्रवेशासाठी गुणपत्रिकेपेक्षा चाचणी महत्त्वाची असते. राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीधर उमेदवाराकडून किमान सहा नाटकांतील सहभागाची अपेक्षा ठेवते, प्राथमिक चाचणीतून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवसांच्या कार्यशाळेत पारखते आणि निवड झालेल्यांना दरमहा शिष्यवृत्ती देते. विद्यापीठांच्या विभागांत तयार केलेले स्वगत, एखादे गाणे, ऐन वेळी दिलेला प्रसंग आणि मुलाखत असा साधारण क्रम असतो. एखाद्या गाजलेल्या नटाची हुबेहूब नक्कल घेऊन येणाऱ्यांची संख्या दर वर्षी मोठी असते. परीक्षक ती नक्कल संपेपर्यंत शांतपणे पाहतात आणि मग तेच स्वगत खुर्चीवर बसून, अगदी हळू आवाजात, समोरच्या एकाच माणसाला सांगायला लावतात. या दुसऱ्या वेळी उमेदवाराला काही सुचते की तो गोंधळून पहिल्याच पट्टीवर परत जातो, यावर बरेच अवलंबून असते.

अर्ज भरण्यापूर्वी त्या विभागाची परीक्षेची एक-दोन नाटके पाहून यावीत आणि प्रयोग संपल्यावर थोडे थांबावे. नेपथ्य उतरवताना मुले एकमेकांशी आणि शिक्षकांशी कशी बोलतात, ते माहितीपत्रकात छापलेले नसते.